चार दिवस शाळा बुडली म्हणून काय झाले?



या वेळी बाईंनी सांगितले की प्रत्येकाने आपले मत लिहायचे. आम्ही विचारले, मत म्हणजे काय? बाई म्हणाल्या, गाय उपयोगी आहे हे मत नाही, कारण त्याला कोणी नाही म्हणत नाही. ज्याला कोणीतरी नाही म्हणेल ते मत. मग मी दोन दिवस विचार केला. माझ्या मताला आमच्या घरचेच नाही म्हणतात, म्हणून ते नक्की मत आहे.

आमच्या गावात मोठी माणसे एक वाक्य फार बोलतात. "चार दिवस शाळा बुडली म्हणून काय झालं?" माझी आई म्हणते, चुलती म्हणते, किराणा दुकानवाले काकाही म्हणतात. मला वाटते की चार दिवस फार असतात. दोनसुद्धा फार असतात. कसे ते सांगण्यासाठी मी आमच्या वर्गातला एक आठवडा लिहिणार आहे. तो आठवडा मुगाच्या तोडणीचा होता.

आधी वर्गाचे सांगते. आमच्या शाळेला दोन खोल्या. एकीत पहिली-दुसरी, तिथे गुरुजी शिकवतात. दुसरीत तिसरी-चौथी, तिथे बाई. दोन्ही इयत्ता मिळून आम्ही १७ जण आहोत. बाई तिसरीला शिकवतात तेव्हा आम्ही आपले आपण करायचे, आम्हाला शिकवतात तेव्हा तिसरीने. पण त्या आठवड्यात बाईंनी दोन्ही इयत्तांना एकच काम दिले. काम होते पाऊस मोजायचे.

माझे आण्णा हे ऐकून हसले. म्हणाले, "पाऊस काय मोजायचा? पडला तर पडला." पण पाऊस मोजता येतो. सोमवारी आम्ही त्याचे यंत्र केले. लग्नात पाण्याच्या मोठ्या बाटल्या येतात, तसली एक घेतली. तिचा वरचा भाग बाईंनी कात्रीने कापला आणि उलटा करून तिच्यातच बसवला, म्हणजे झाले नरसाळे. बाटलीचा तळ खालीवर असतो, त्यामुळे तिथे मोजता येत नाही. म्हणून तळाला खडे घातले आणि खडे बुडून वर थोडे पाणी येईल इतके पाणी ओतले. पाण्याच्या वरच्या कडेला शून्याची रेघ. त्या रेघेपासून वर पट्टी चिकटवली. खड्यांमुळे बाटली वाऱ्याने पडतही नाही. ती झाडाखाली किंवा भिंतीजवळ ठेवायची नाही, नाहीतर पानांवरचे आणि पत्र्यावरचे पाणी तिच्यात पडते. आम्ही ती झेंड्याच्या खांबापासून लांब, मोकळ्यावर ठेवली आणि बाजूने विटा लावल्या.

वर्गातल्या एका मुलाने भांडण काढले. तो म्हणाला, बाटली बारीक आहे, तिच्यात कमी पाऊस पडणार. मोठ्या डब्यात जास्त पडणार. आम्ही निम्मे त्याच्या बाजूने होतो. बाईंनी त्याला तेलाचा मोकळा डबा आणायला लावला, चारी बाजूंनी सरळ उभा असतो तो, आणि बाटलीशेजारी ठेवला. मंगळवारी बघितले तर डब्यात पाणी पुष्कळ होते, पण पट्टी घालून उंची पाहिली तर दोन्हीकडे ४ मिलिमीटर. डबा रुंद आहे म्हणून पाणी जास्त, पण ते जास्त जागेत पसरले. पाऊस उंचीने मोजतात तो यासाठी. रेडिओवर अमुक मिलिमीटर पाऊस झाला असे सांगतात त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तो मुलगा मात्र अजूनही म्हणतो की बाटलीच गळते.

मंगळवार हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस होता, पण तो महत्त्वाचा आहे हे आम्हाला मंगळवारी माहीत नव्हते. गुरुवारी कळले.

मंगळवारी आम्ही फरशीवर खडूने एक चौकोन काढला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. त्याला एक चौरस मीटर म्हणतात. त्यात किती मुले मांडी घालून बसतात ते पाहिले. चार बसली, पाचवा बसायला गेला आणि भांडणे झाली. मग मैदानावर गेलो. सुताची जाड दोरी होती, तिला मीटरपट्टीने मोजून मीटर-मीटरवर गाठी मारल्या होत्या. तिने दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद एवढी जागा आखली आणि चारी कडांना आम्ही उभे राहिलो. हे झाले शंभर चौरस मीटर. बाई म्हणाल्या, याला एक आर म्हणतात, आणि तुमच्या घरी जो सातबारा आहे त्यावर जमीन याच मापात लिहिलेली असते. शंभर आर झाले की एक हेक्टर.

मी संध्याकाळी घरी जाऊन आबांना सातबारा मागितला. आबा तो पिशवीत, पिशवी पेटीत आणि पेटी कणगीमागे ठेवतात. आधी म्हणाले, "तुला काय करायचा कागद?" मग दिला. त्यावर क्षेत्र ०.८१ लिहिले आहे. म्हणजे ८१ आर. पण आबा कायम म्हणतात आपली जमीन दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर हे आबांना तोंडपाठ आहे. मग ऐंशी खरे का एक्क्याऐंशी खरे? मला वाटले कागदात चूक आहे. आबांनाही तेच वाटले, ते तर घाबरलेच.

बुधवारी बाईंना विचारले. बाई हसल्या नाहीत, त्यांनी मला फळ्यापाशी बोलावले. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. तेहतीस फूट म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. म्हणजे गुंठा हा आरपेक्षा अगदी थोडा मोठा आहे. एका गुंठ्यात कळत नाही, पण ऐंशी गुंठ्यांत ते थोडे थोडे साठून एक आर होते. म्हणून ऐंशी गुंठे आणि एक्क्याऐंशी आर ही एकच जमीन. मी घरी जाऊन सांगितले. आबा काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना आण्णांना म्हणाले, "पोरीनं हिशेब बराबर लावला." आमच्या घरात माझ्या शाळेबद्दल जेवताना कोणी बोलले असे हे पहिल्यांदाच झाले.

बुधवारी आणखी पाने गोळा करून ठसे काढले. त्याचे विशेष काही नाही. मला चित्रकला येत नाही म्हणूनही तसे वाटत असेल.

आता माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे सांगते. तिचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले तर ती माझ्याशी बोलणार नाही. ती मंगळवारी आणि बुधवारी आली नव्हती. तिच्या घरी मूग तोडायला आला होता. गावात सगळ्यांना माहीत आहे, मूग थांबत नाही. शेंग वाळली की तडकते आणि दाणे खाली सांडतात. वरून पाऊस आला तर शेंगेतच मोड येतात. सगळ्या शेंगा एकदम पिकत नाहीत, म्हणून दोन-तीनदा तोडावे लागते. तिचे हात भराभर चालतात. तिची आजी म्हणते, ही माझ्या दीड माणसाचं काम करते. त्यामुळे ती घरी राहिली याबद्दल मी कोणाला नावे ठेवत नाही. मीही गेल्या वर्षी बाजारात पिशवी धरायला जाऊन शाळा बुडवली आहे, आणि भजीही खाल्ली आहेत.

बुधवारी रात्री मोठा पाऊस झाला. गुरुवारी बाटलीत ११ मिलिमीटर. गुरुवारी शेजारच्या गावचा बाजार असतो, त्यामुळे वर्गात आम्ही फक्त ९ जण होतो. पण माझी मैत्रीण आली होती. तिची आजी एकटीच बाजारला गेली आणि हिला म्हणाली, आज शाळंत जा.

बाईंनी त्या दिवशी विचारले, काल रात्री आपल्या वर्गाच्या पत्र्यावर किती पाणी पडले? आम्ही म्हणालो, पुष्कळ. बाई म्हणाल्या, पुष्कळ म्हणजे किती? मग आम्ही बाहेर गेलो. पत्र्यावरून पागोळ्या पडतात तिथे जमिनीत बारीक खड्ड्यांची रेघ पडलेली असते. एक रेघ वर्गाच्या पुढे, एक मागे. गाठीच्या दोरीने रेघ मोजली, १२ मीटर. पुढच्या रेघेपासून मागच्या रेघेपर्यंत अंतर ६ मीटर. पत्रा उतरता आहे, पण आपण जमिनीवरचे मापच धरायचे, कारण पाऊस वरून खाली पडतो. बारा सक ७२ चौरस मीटर.

आता पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर होते. कमी नाही, जास्त नाही. बाईंनी फळ्यावर करून दाखवले. शंभर सेंटिमीटर गुणिले शंभर सेंटिमीटर गुणिले सेंटिमीटरचा दहावा भाग, हजार घन सेंटिमीटर येतात, आणि हजार घन सेंटिमीटर म्हणजे लिटर. मग ७२ चौरस मीटरवर ११ मिलिमीटर म्हणजे ७९२ लिटर. आमच्या घरची घागर पंधरा लिटरची आहे. ५२ घागरी भरून त्रेपन्नाव्या घागरीत बारा लिटर. एका रात्रीत, एका खोलीच्या पत्र्यावर. उन्हाळ्यात गावात टँकर येतो तेव्हा माझी आई दोन घागरींसाठी भांडते. हे पाणी सगळे ओढ्याला गेले.

आम्ही सगळे ओरडत होतो. घागरीचा हिशेब कोण आधी करतो अशी चढाओढ लागली होती. माझी मैत्रीण पेन्सिलीला टोक करत होती. टोक झाले तरी करत होती. पेन्सिल निम्मी झाली. मग तिने पाणी प्यायला जाऊ का विचारले आणि गेली ती बराच वेळ आलीच नाही.

तिला चौरस मीटर माहीत नव्हता. फरशीवरचा चौकोन मंगळवारी काढला होता आणि बुधवारी पुसला गेला. ती हुशार आहे, माझ्यापेक्षा पाढे तिला जास्त येतात, एकोणतीसचा पाढा ती न अडखळता म्हणते. पण बारा गुणिले सहा बहात्तर आले तरी ते बहात्तर काय आहेत हे तिला कसे कळणार? आणि विचारायची तिला लाज वाटली. बाईंकडे त्याच वेळी तिसरीची मुले वह्या घेऊन आली होती.

माझे म्हणणे इथे आहे. मोठ्या माणसांना वाटते की शाळेत रोज एक वेगळी वस्तू वाटतात, जसे रेशन दुकानात. आज साखर मिळाली नाही तर काय झाले, उद्या तांदूळ मिळतील. पण शाळा तशी नसते. ती विणकामासारखी असते. माझी आजी गोधडी शिवते तेव्हा मधला टाका सुटला तर पुढचे टाके दिसायला चांगले दिसतात, पण पांघरली की तिथेच उसवते. मैत्रिणीचा मंगळवार सुटला आणि ती गुरुवारी उसवली. गुरुवारी ती हजर होती! हजेरीत तिच्या नावापुढे बरोबर खूण आहे. पण त्या दिवशी ती हजर नव्हती असेच म्हणावे लागेल.

मी खिचडीच्या सुट्टीत तिला ओट्यापाशी नेले. तिथे शहाबादी फरशी आहे. मी खडूने चौकोन काढला, तिला त्यात बसवले, मी बसले, आणखी दोघींना बोलावून बसवले. म्हटले, हा एक चौरस मीटर. असे बहात्तर वर पत्र्यावर आहेत. तिला लगेच कळले. खिचडी संपायच्या आत कळले. आणि ती काय म्हणाली माहीत आहे का? म्हणाली, "म्हणजे आमच्या वीस गुंठ्यांवर काल दोन लाख लिटरच्या वर पाणी पडलं." मला आधी पटले नाही. मी कागदावर केले. वीस गुंठे म्हणजे दोन हजार चौरस मीटर आणि थोडे वर, गुणिले अकरा, बावीस हजार लिटर आणि थोडे. तिचे एक शून्य जास्त झाले होते. पण तिने शेताला लावून पाहिले, आमच्यापैकी कोणालाच ते सुचले नव्हते. आम्ही सगळे पत्र्यावरच बसलो होतो.

म्हणून मला असेही वाटते की चूक फक्त पालकांची नाही. आता लिहिते ते वाचून बाई रागावणार नाहीत, कारण मत लिहा असे त्यांनीच सांगितले आहे. मूग तोडायच्या आठवड्यात मंगळवारी नवीन काही सुरू केले तर निम्मी मुले सुटणारच. गुरुवारी बाजार असतो हेही सगळ्यांना माहीत आहे. मी बाईंना म्हणाले की गुरुवारी नवे काही नको. आणि जी मुले बाजारला जातात त्यांना सांगा, पाच वस्तूंचे भाव लिहून आणा. कांदा, बटाटा, वांगी, कोथिंबिरीची जुडी, काहीही. शुक्रवारी त्यावर गणिते करू. म्हणजे बाजारला गेलेले मूलही शाळेतच असल्यासारखे होईल. बाई म्हणाल्या, "बघू." बाईंचे "बघू" म्हणजे बहुतेक वेळा हो असते. गुरुजींचे तसे नसते.

शुक्रवारी मैत्रिणीने घरून मूग आणले. या वर्षीचे अजून ओले होते, म्हणून गेल्या वर्षीचे आणले. तिने आदल्या रात्री ते भिजत घातले होते. आम्ही शंभर दाणे मोजले आणि दहा-दहाच्या दहा ओळी लावून ओल्या फडक्यात गुंडाळले. शेतकरी सोयाबीनचे घरचे बी पेरण्याआधी असेच ओल्या पोत्यात शंभर दाणे ठेवून पाहतात. सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगले, कमी उगवले तर जास्त बी पेरावे लागते. गुंडाळताना कोणत्या बाजूने घट्ट ओढायचे ते मैत्रिणीने सगळ्यांना दाखवले. तिने चार शेरांची पायली आणि दोन शेरांची अधोलीही सांगितली, आजी अजून त्यानेच मोजते. बाईंनी ते फळ्यावर लिहायला तिला खडू दिला. त्या दिवशी तिला पाणी प्यायला जावेसे वाटले नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते आणि दप्तर नसते. शासनाने २०२४ साली आनंददायी शनिवार सुरू केला आहे. शनिवारी फडके उघडले, शंभरातले ९१ दाणे मोडावले होते. मग बाईंनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची माहिती सांगितली. ताराबाईंनी १९४५ मध्ये समुद्राकाठच्या बोर्डी गावात लहान मुलांसाठी काम सुरू केले, अनुताई त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. कोसबाड डहाणू तालुक्यात आहे, तो तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तर यांनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरत आहेत आणि मुले तिथेच शिकत आहेत. तिला कुरणशाळा म्हणत. मी हे ऐकले आणि मला माझे मत एकदम पक्के वाटले, कारण मोठ्या माणसांनीसुद्धा असा विचार केला होता.

मूग दोन दिवसांचा असतो. तो मी खिचडीच्या सुट्टीत भरून काढला. पण आमच्या गावातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाड्या जातात. आमच्या बीड जिल्ह्यातली पुष्कळ गावे अशी निम्मी रिकामी होतात. आई-वडील दोघे मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय येता येत नाही. पाडव्याच्या आसपास परत येतात. म्हणजे पाच महिने, एकवीस-बावीस आठवडे. माझ्या मैत्रिणीचे आई-वडीलही जातात. दोन वर्षे ती त्यांच्याबरोबर गेली होती. तिकडे ती धाकट्या भावाला सांभाळायची आणि पाचटाच्या कोपीत स्वयंपाक करायची. तिला भाकरी माझ्यापेक्षा चांगली येते ती त्यामुळेच. एका मंगळवारने तिचा गुरुवार गेला, तर बावीस आठवड्यांनी काय काय गेले असेल ते गणित मला करायचे नाही.

बाईंनी सांगितले की यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-वडील ऊसतोडीला गेले तरी मूल गावातच राहते, त्याच्या जेवणाची सोय होते आणि ते आपल्याच शाळेत येते. जी मुले तरीही जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड देतात, ते दाखवले की तिकडच्या शाळेत बसू देतात. पण कार्ड घेऊन गेलेले मूल तिकडे खरेच शाळेत जाते का, की कोपीवर भावाला सांभाळते, हे त्याच्या घरच्यांवर आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिकण्याचा हक्क आहे असा कायदा २००९ साली झाला, तो बाईंच्या टेबलामागच्या भिंतीवर लावलेला आहे. तो कागद छान आहे. पण दिवाळीच्या आधी कोणाच्या घरी जाऊन तो काही बोलत नाही.

माझी आई म्हणाली, "त्यांच्या पोटाचं तू बघणार का? लहान लेकरू कोण सांभाळंल?" हे मला उत्तर न आलेले गणित आहे. मी नुसते एवढे म्हणते की धाकटा आता सव्वातीन वर्षांचा झाला आहे आणि आमच्या गावात अंगणवाडी आहे. तो आजीपाशी राहील आणि दिवसा अंगणवाडीत जाईल, ही शाळेत येईल. दोघांचे जेवण कसे करायचे ते मोठ्या माणसांनी बसून ठरवावे. त्यांना उचल किती घ्यायची ते ठरवता येते, मग हेही येईल.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या शनिवारी बाईंनी पावसाची बाटली वाचायचे काम महिनाभरासाठी मैत्रिणीला दिले. रोज शाळा भरताना बघायचे आणि तक्त्यात लिहायचे. पुढच्या आठवड्यात मुगाची दुसरी तोड होती. मला वाटले, ही आता येत नाही. बुधवारी प्रार्थनेच्या आधी ती धापा टाकत आली, डोक्याला फडके बांधलेले, बाटलीपाशी बसून डोळा पाण्याच्या पातळीला लावला, तक्त्यात २ लिहिले आणि मला म्हणाली, "आज काय शिकवतील ते संध्याकाळी सांग." आणि पळत शेताकडे गेली. मी संध्याकाळी गेले. आजीने दिवा आमच्याजवळ सरकवला आणि स्वतः शेंगा निवडत अंधारात बसली.

वसतिगृहाच्या यादीत नाव घालायचा कागद बाईंकडे आहे. त्यावर तिच्या आई-वडिलांची सही झाली आहे. ते म्हणतात, आजी सांभाळते म्हणाली तरच. आजीचा अंगठा अजून राहिला आहे. आजी म्हणते, माझं आता वय झालं, मला दोन लेकरं झेपतील का. शुक्रवारी पालक सभेला ती येणार आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून हे भित्तिपत्रक मी तिला इथे उभी राहून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तेव्हा कृपा करून कोणी मध्ये बोलू नये.

इयत्ता चौथी